माशीमार

“एकही नाही?” मालकाने विचारलं, आणि वाढदिवसाला कुणीच न फिरकलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा पडला. वरच्या डेकवर, पांढऱ्या छत्रीखाली, तो अर्धवट उकडलेलं अंडं चमच्याने खात होता. चमचा तसाच राहिला. समोर हा उभा होता, हातात टॅबलेट, अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, आणि तोंडावर शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाचा मूर्ख गंभीरपणा. आठवडाभर आकाश स्वच्छ होतं, त्याने तसं सांगितलं होतं. काही नाही, साहेब. चोरून फोटो काढणारं एकही ड्रोन नाही. राखणदाराने याहून चांगली बातमी काय आणायची? पण मालकाने चमच्याने पलीकडे दाखवलं, जिथे त्या गाणाऱ्या बाईची यॉट लागली होती. “तिच्याकडे येतात ना?” “येतात, साहेब. कालच दोन आली होती.” “मग आपल्याकडे का येत नाहीत?” यावर शहाण्या माणसाने वाऱ्याचं नाव घेतलं असतं, हवामानाचं घेतलं असतं, निदान खाली बघितलं असतं. याने सरळ सांगून टाकलं, “लोकांना ती बघायची असते, साहेब.” कॉफी ओतणारी मुलगी किटली घेऊन हळूच मागे सरकली. मालकाने चमचा ताटलीत ठेवला. मग म्हणाला, “तुझं यंत्र नीट चालतं ना? की नुसताच माशा मारत बसतोस?”

खलाशी त्याला माशीमार म्हणायचेच, पण ते मागे, पाठीमागे. मालकाच्या तोंडून ते आल्यावर त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. खाली आपल्या कोपऱ्यात येऊन तो बसला. कोपरा म्हणजे जिन्याखालची एक खोबण, एक स्टूल, एक पडदा, आणि भिंतीतून सतत घुमणारा एअर कंडिशनरचा आवाज. डोलकाठीवर बसवलेले चार पांढरे घुमट दिवसरात्र आकाशाचे कान होऊन ऐकत असत. ड्रोन आणि त्याला खालून चालवणारा माणूस यांच्यात जी बडबड चालते ती पकडत असत, आणि ती पकडली की पडद्यावर लाल ठिपका येई, भोंगा वाजे. ओळखीचं ड्रोन असलं, म्हणजे कंपनीचं स्वतःचं किंवा बंदराच्या कार्यालयाचं, तर हिरवा ठिपका येई आणि भोंगा गप्प राही. इतकंच. यात जादू नव्हती. पण मालकाला हे सांगायची सोय नव्हती, कारण त्याला जादूच हवी होती. पुठ्ठ्याची खोकी विकून श्रीमंत झालेला माणूस! आयुष्यभर दुसऱ्यांचा माल झाकून ठेवला आणि आता स्वतःला झाकायची हौस आलेली. काचा काळ्या, दोरखंडांवर पडदे, पाहुण्यांचे फोन टोपलीत. आणि संध्याकाळ झाली की बोटीच्या पोटाखालून निळे दिवे, अख्ख्या बंदराला दिसतील असे. ज्याला खरंच लपायचंय तो कशाला निळे दिवे लावेल? हा माणूस लपत नव्हता. लपण्यासारखं आपल्याकडे काही आहे हे लोकांना कळावं म्हणून धडपडत होता, आणि लोक मेले ढुंकून बघत नव्हते. त्याला हसू आलं. मग यंत्राचा अपमान आठवला आणि हसू गेलं.

माणसं इतकी हलकी असतात हे त्याला नव्याने कळत नव्हतं. तरुणपणी तो लष्करात होता, एका उघड्याबोडक्या टेकडीवरच्या रडारच्या खोलीत, जिथे वाऱ्याने दार एकसारखं वाजत राही आणि चहा ओठाला लावेपर्यंत गार होई. तिथल्या उस्तादाने, मिशा पिवळ्या पडलेल्या, कायम कुरकुरणाऱ्या उस्तादाने, त्याला एकच गोष्ट शिकवली होती. दिसलं तर दिसलं म्हण, नाही दिसलं तर नाही म्हण, आणि वरच्याला काय ऐकायचंय याचा विचार डोक्यात आला तर स्टूल सोडून बाहेर जा, तोंडावर पाणी मार. बाकीची पोरं वरच्यांना खूश करायला ढगांनाही विमानं म्हणत. हा नाही. त्याने ‘आलंय’ म्हटलं की खालच्या तळावर माणसं धावत सुटायची, दुसऱ्यांदा विचारायची नाहीत. हे त्याला फार आवडायचं. बढती मिळाली नाही, पदकं ढगवाल्यांना मिळाली, ते सगळं जाऊ दे. पण आपला शब्द वाजवून घ्यावा लागत नाही, ही गोष्ट त्याने त्या टेकडीवरून खाली आणली होती, आणि आज इतक्या वर्षांनी, टक्कल पडलेलं, गुडघे कुरकुरणारे, बायकोच्या भावाच्या कंपनीत नोकरीला असताना, तेवढंच त्याच्यापाशी शिल्लक होतं.

आणि बायकोही त्यावरच मिळाली होती. ती दाताच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करते, तेव्हाही करायची. हा दाढ धरून खुर्चीत पडलेला, आणि तिने सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, दिवसातून किती वेळा दात घासता? सगळे दोनदा म्हणतात. तोंडात किडलेल्या दाढांचं दुकान असलं तरी दोनदाच म्हणतात. हा म्हणाला, एकदा, तेही घाईत. ती इतकी हसली की आतून डॉक्टर बघायला आला. तिचं माहेर म्हणजे थापांचं आगर. वडील रोज रात्री जेवताना एक नवा पराक्रम सांगायचे, कधी पुरातून कुणाला काढलं, कधी कुठल्या बड्या माणसाने गाडी थांबवून हात मिळवला, आणि घरातल्या बायकांनी मान डोलवायची असा रिवाज. धाकटा भाऊ बापाच्या पुढे गेलेला. “आमच्याकडे खरं बोलणारा माणूस बाहेरून आणावा लागला,” असं ती नातेवाइकांत सांगायची, त्याच्यासमोर सांगायची, आणि तो काहीतरी पुटपुटत ताटाकडे बघायचा. आतून मात्र ते वाक्य तो चघळत राहायचा. तिच्याशी बोलणं सोपं नव्हतं. काही सांगायला लागला की ती मध्येच अडवायची. बस तासभर आली नाही? तासभर कसली, तू सहाला निघालास, साडेसहाला घरात होतास. कप्तान ओरडला? ओरडला की बोलला? असं बोट ठेवून ठेवून ती त्याच्या बोलण्यातला कचरा काढायची, आणि त्याला ते हवंहवंसं वाटायचं. जगात हे एकच माणूस होतं ज्याचा त्याला कधी तिटकारा आला नव्हता.

मेहुणा दुसऱ्याच दिवशी उगवला. बोटींचा रंग विकणाऱ्या दुकानाच्या वर त्याचं कार्यालय, तिथे तिन्ही भिंतींवर चकचकीत चित्रं, त्यांत ड्रोन जाळ्यात सापडलेली, आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द मोठ्या अक्षरात. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तेच शब्द तो ग्राहकांसमोर असे उच्चारायचा की जसं काही यंत्र त्याच्या मांडीवर वाढलं आहे. अंगाला अत्तर, दातांत काडी. “दाजी, अहो काय बोललात तुम्ही त्याला?” तो धक्क्यावर उभं राहूनच म्हणाला. “बिचाऱ्याची झोप उडालीय. म्हणतो, करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते बघतो. एखादं तरी येऊ द्या ना!”

“मी काय आणू? दाणे टाकू?”

“तुम्ही नका आणू. मी आणतो. शनिवारी दुपारी त्याची पार्टी आहे. मी पलीकडे लाटा अडवायच्या भिंतीवर बसतो, एक उडवतो. तुम्ही ते पाडायचं. सगळ्यांसमोर. टाळ्या.”

“मी खोटं सांगणार नाही.”

“सांगायचंय कुणी?” मेहुण्याने काडी काढून समुद्रात टाकली. “यंत्र वाजेल. तुम्ही काय कराल? तुमचं काम कराल. ड्रोन आलं म्हणजे आलं. कुणाचं आहे, कशाला आलं, या पंचायती यंत्र थोडंच करतं?” आणि खांद्यावर थाप मारून तो गेला. गेला, पण ते बोलणं ठेवून गेला.

शनिवारपर्यंत तो ते बोलणं घोळवत राहिला. घाणेरडं होतं आणि सोयीचं होतं. तो हो म्हणाला नव्हता. नाही म्हणाला होता का? तेही नव्हता. यंत्र वाजणार, त्यात खोटं काय? ड्रोन खरं, आकाश खरं, भोंगा खरा. आपण तोंड उघडायचंच नाही, हात चालवायचे. असं तो स्वतःला समजावायचा आणि लगेच स्वतःचीच किळस यायची, कारण ही मखलाशी थेट मेहुण्याच्या आवाजात कानात वाजायची. घरी बायकोने विचारलं, काही विशेष? तो म्हणाला, काही नाही. तिने मान वर करून बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि भाजी करपायला लागली म्हणून आत गेली. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याचा राग आला. मालकाचा राग आला, मेहुण्याचा आला, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्या शेजाऱ्यांचा आला. सगळं जग पुठ्ठ्याचं आणि आपण एकटे लोखंडाचे, असं मानून तो पाठ वळवून झोपला.

शनिवारी दुपारी बोटीवर माणसं चढली. बूट काढून टोपलीत टाकताना बहुतेकांचे पाय उघडे पडले, आणि त्याला ते बघवले नाहीत, इतके ते मऊ, गुलाबी आणि निरुपयोगी होते. गाद्या विकणारा एक जाडा होता, तो प्रत्येक गोष्टीची किंमत विचारायचा आणि ऐकून नाक मुरडायचा. एक बाई होती जिला फोन जमा करावा लागल्याने हाताचं काय करावं ते कळत नव्हतं, ती नुसतीच बोटांनी हवेत काहीतरी सरकवत होती. केस काळे केलेला एक म्हातारा, त्याच्या तिप्पट तरुण बायको, दोघेही कंटाळलेले. मालक यांच्यात फिरून सांगत होता, इथे काय सांगू, जरा डोकं बाहेर काढायची सोय नाही, कॅमेरे टपलेले असतात. “कुठायत?” गादीवाल्याने वर बघून विचारलं. वर एक पांढरा पक्षी होता. मालक हसला आणि घाम पुसला. हा डोलकाठीपाशी उभा, समोर टॅबलेटचा पडदा, बाजूला ती बंदूक. बंदूक म्हणायचं इतकंच. प्लास्टिकचा खोकाच तो, त्यातून ना गोळी सुटे ना आवाज, नुसता ड्रोनच्या कानात इतका गोंगाट करायचा की त्याला आपल्या धन्याचा हुकूम ऐकू येऊ नये. आता वाजेल, मग वाजेल. वाजलं की हात चालवायचे. तोंड उघडायचं नाही.

आणि ते आलं. आधी ऐकू आलं, डास कानाशी येतो तसं, मग भिंतीच्या बाजूने काळा ठिपका उचलला गेला आणि डुलतडुलत, मेहुण्याच्या हाताला शोभेल अशा गबाळ्या चालीने, बोटीकडे यायला लागला. त्याने पडद्याकडे बघितलं. भोंगा वाजला नाही. ठिपका होता, हिरवा होता. क्षणभर त्याला काही उमगेना, आणि मग एकदम उमगलं, आणि त्याने कपाळावर हात मारून घ्यायचाच बाकी ठेवला. गाढवाने दुकानातलं ड्रोन आणलं होतं. ग्राहकांना दाखवायचं, रोज खाली-वर करायचं ड्रोन. यंत्र बसवताना त्यानेच, स्वतःच्या हातांनी, त्याची नोंद ‘आपलं’ म्हणून केली होती, नाहीतर प्रत्येक चाचणीला भोंगा बोंबलत बसला असता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाता मारणाऱ्याला हिरवं काय आणि लाल काय याचा पत्ता नव्हता. कुणाचं आहे, कशाला आलं, हीच तर पंचायत यंत्र करत होतं! आपलं आहे, म्हणत होतं, आणि ढिम्म गप्प होतं. त्याच्या पोटातून हसू उसळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला. वाचलो, त्याला वाटलं. आता काही करायचंच नाही. हे वर घिरट्या घालेल, मेहुणा भिंतीवर बसून शिव्या देईल, बॅटरी संपेल, जाईल. संध्याकाळी घरी जाऊन हे सगळं तिला सांगायचं, हिरव्या ठिपक्यासकट, आणि दोघांनी पोट धरून हसायचं.

तेवढ्यात मालकाने वर बघितलं. त्याचा चेहरा आधी उजळला, आणि मग त्याने भोंग्याची वाट बघितली. भोंगा नाही. गादीवाल्यानेही बघितलं आणि तो मोठ्याने म्हणाला, “अरे, हे तुझंच असणार! फोटो काढायला भाड्याने माणूस आणलायस, होय ना?” सगळे हसले. तो केस काळे केलेला म्हाताराही हसला, दात दाखवून. मालकाचे कान लाल झाले. त्याने याच्याकडे मान वळवली, आणि त्या नजरेत जरब नव्हती, मालकी नव्हती, काहीही नव्हतं, नुसती याचना होती, इतकी उघडी की बघणाऱ्याला लाज वाटावी. “काय रे,” तो बारीक आवाजात म्हणाला, “आपलं आहे का?”

हो, साहेब, आपलंच आहे. इतकं सोपं होतं. पडद्यावर तेच लिहिलं होतं, उस्ताद असता तर त्याने तेच सांगायला लावलं असतं. सगळे याच्याकडे बघत होते. गादीवाला, ती हवेत बोटं सरकवणारी बाई, कॉफीवाली मुलगी, कप्तान. इतके महिने या बोटीवर तो दोरखंडाइतका दिसत होता, आणि आता या सगळ्या रिकाम्या, तुपकट तोंडांचं पुढे काय व्हायचं ते त्याच्या शब्दावर अडून राहिलं होतं. त्या टेकडीनंतर असं कुणी थांबलं नव्हतं. नोकरीचा विचार त्याच्या मनात आला नाही, मेहुण्याचाही नाही. मालकाची कीव आली असं म्हणावं तर तेही खरं नाही. त्याला फक्त ती शांतता फार गोड लागली.

“आपलं नाही, साहेब,” तो म्हणाला. आणि मग छातीतून, तरुणपणीच्या त्या आवाजात, “आलंय!”

काय ती धांदल उडाली! बायका किंचाळत छत्रीखाली शिरल्या, गादीवाला खुर्चीमागे वाकला आणि वाकताना ताट सांडलं, मालक दोन्ही हात पसरून “आत चला, आत चला” म्हणत सुखाने थरथरत होता. याने बंदूक उचलून नेम धरला. चालवली मात्र नाही. चालवली तर ड्रोनला मेहुण्याचा हुकूम ऐकू जाणार नाही आणि ते पाण्यात न पडता तिथेच तरंगत राहील, हा विचार त्या धांदलीतही त्याला सुचला, म्हणजे डोकं किती थंड होतं बघा. खोटं खोटं घोडा दाबून तो उभा राहिला आणि ड्रोन काही पडेना. मेहुणा तिकडे भोंग्याची वाट बघत असणार. हा बंदूक हलवून खुणा करू लागला, पाड, अरे पाड की, आणि पाहुण्यांना वाटलं की झुंज चालली आहे. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी मेहुण्याच्या डोक्यात प्रकाश पडला, किंवा त्याचा अंगठा चुकला, आणि ड्रोन कलंडून पाण्यात गेलं. टाळ्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. मालकाने त्याला मिठी मारली; त्या अंगाला लिंबाच्या साबणाचा वास येत होता. “बघितलंत?” मालक ओरडत होता. केक कापेपर्यंत त्या एका ड्रोनची दोन झाली होती, आणि याने ती खोडली नाहीत. ती बाई याच्या दंडाला हात लावून म्हणाली, तुम्हाला भीती नाही वाटत? आणि हा सांगू लागला की हे लोक उन्हाच्या आडून येतात, फार बेरकी असतात, नजर ठरलेली लागते. सगळे ऐकत होते. लाज वाटायला हवी होती. त्याने स्वतःच्या आत चाचपून बघितलं, लाज कुठे सापडते का ते. सापडली नाही. बरं वाटत होतं. आतून, पायाच्या नखापर्यंत बरं वाटत होतं.

घरी जाताना बसमध्ये त्याने ठरवलं की तिला सगळं सांगायचं. जसंच्या तसं. आधी हिरवा ठिपका, मग गादीवाल्याचं ताट, मग स्वतःचं थोबाड. ती आधी चिडेल, मग हसेल, मग चांगली खरडपट्टी काढेल, आणि मग सगळं पुन्हा जागेवर येईल. जिने चढताना तो जवळजवळ उत्सुक होता. ती बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून वाळलेले कपडे आवरत होती. दवाखान्याचा पांढरा कोट मांडीवर होता.

“धाकट्याचा फोन होता,” ती म्हणाली. “सांगितलं त्याने. दुकानातलं ड्रोन बुडालं म्हणे, आणि तू म्हणे अगदी नाटकातल्यासारखा उभा होतास. हसून हसून बेजार झाला होता.” ती स्वतः हसत नव्हती. कोटाची एक बाही हातात धरून ती त्याच्याकडे बघत होती. “काय झालं रे?”

“अगं, तुला खरं सांगू का,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून समोर बसला. “त्याला काय कळतंय. ते आलं ना, ते उन्हाच्या बाजूने आलं. मला आधी कानाने कळलं. सगळे आपले खाण्यात दंग, कुणाचं लक्ष नाही. मालक तर थरथरत होता. मला म्हणाला, आता तूच बघ बाबा.” तो थांबला. इथे ती अडवणार होती. मालक असं म्हणाला? बाबा म्हणाला? ती काही बोलली नाही. तिने बाही सरळ करून कोटावर ठेवली. “मग मी नेम धरला,” तो पुढे म्हणाला, कारण शांतता झाली होती आणि ती भरून काढायला हवी होती. “असं सोपं नसतं ते. एक हललं, तर मागे दुसरं होतं. म्हणजे मला तरी तसं वाटलं. एका झटक्यात...” आपलं बोलणं त्याला कुठूनतरी दुरून ऐकू येत होतं. अडव ना, त्याला वाटलं. दुसरं कुठून आलं, असं विचार. दुकानात एकच ड्रोन आहे, म्हण. काय वाटेल ते म्हण.

तिने कोटाची घडी घातली, ती पलंगाच्या कोपऱ्यावर ठेवली, आणि माहेरी जेवणाच्या वेळी बसत असेल तशी हात मांडीवर घेऊन, मान किंचित तिरकी करून, नीट ऐकायला बसली.

“हो?” ती मऊ आवाजात म्हणाली. “आणि मग?”